भिंत बुजवण्याआधी: घरातल्या प्रकाशयोजनेची तयारी

बल्ब पाच मिनिटांत बदलता येतो. प्लास्टरखाली गेलेली वायर आणि छताला चुकीच्या जागी पाडलेलं भोक मात्र वर्षानुवर्षं छळतं. म्हणून ही यादी खरेदीच्या क्रमाने लावलेली नाही. जे आधी बंद होणार, ते आधी घेतलं आहे.

पहिलं काम टेप आणि कागदाचं. खोलीच्या १ फुटाला कागदावर २ सेंटीमीटर धरून नकाशा काढा आणि त्यात पलंग, सोफा, टेबल, कपाटं, पंखा, टीव्ही आणि दारं उघडण्याची बाजू दाखवा. त्यावर पेन्सिलीने खुणा करा: वाचताना डोकं कुठे असेल, काम करताना हात कुठे असतील, रात्री उठल्यावर पाऊल कुठे पडेल. दिव्यांच्या जागा या खुणांवरून ठरतात. बऱ्याच घरांत त्या छताचे समान भाग पाडून ठरवलेल्या असतात. छत नीटनेटकं दिसतं, पण उशीवर डोकं टेकलं की एक दिवा नेमका डोळ्यांवर येतो.

आता किती प्रकाश हवा ते काढा. दिवा एकूण जितका प्रकाश देतो तो ल्युमेनमध्ये मोजतात, आणि एका चौरस मीटरवर जितके ल्युमेन पडतात तितके लक्स. नुसतं बसण्या-वावरण्याला १०० ते १५० लक्स पुरतात, वाचायला आणि चिरायला-निवडायला ३०० ते ५००, बोळाला ५० ते १००. १२ बाय १० फुटांची खोली सुमारे ११ चौरस मीटरची. १५० लक्स धरले तर १६५० ल्युमेन खाली पोचायला हवेत. शेड, भिंती आणि छत साधारण निम्मा प्रकाश खातात असं धरून ३३०० ल्युमेनचे दिवे घ्या, म्हणजे ८०० ल्युमेनचे चार. भिंती गडद रंगाच्या असतील तर हा आकडा बराच वाढवावा लागतो, कारण पांढरी भिंत बहुतेक प्रकाश परत फेकते आणि गडद भिंत गिळून टाकते. खोक्यावर वॅटऐवजी ल्युमेन वाचा. वॅट फक्त वीज किती खर्च होते ते सांगतात.

वायरमन झिऱ्या मारायला येण्याआधी पॉइंटची यादी लेखी तयार हवी. सर्वसाधारण उजेड, कामाचा उजेड आणि चित्र किंवा भिंत खुलवणारा उजेड यांना वेगवेगळे स्विच द्या. एकाच बटणावर आठ दिवे बांधले, की एक तर सगळे लागतात नाहीतर एकही नाही. बेडरूमच्या दाराशी आणि पलंगाशी, तसंच जिन्याच्या वर आणि खाली टू-वे स्विच हवेत, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडून लावता-बंद करता येतो. दाराशेजारचा बोर्ड कडीच्या बाजूला घ्या, नाहीतर तो उघडलेल्या दारामागे जातो. पुढेमागे स्मार्ट स्विच बसवायचे असतील तर प्रत्येक स्विचबॉक्समध्ये न्यूट्रलची (वीज परत नेणारी) वायर आणून ठेवा, कारण त्यातल्या बहुतेकांना ती लागते. कपाटाच्या आत, ओट्यावरच्या कपाटांखाली आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना पॉइंट काढा. नेमके हेच विसरले जातात. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा. नंतर खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात.

फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी डाउनलाइटचं, म्हणजे छतात बसवून खाली झोत टाकणाऱ्या दिव्याचं, गणित तपासा. ९ फुटी छतातून टेबलाच्या उंचीपर्यंत साधारण २ मीटर अंतर राहतं. तिथे २४ अंशांच्या झोताचं वर्तुळ ८५ सेंटीमीटरचं, ३६ अंशांचं १.३ मीटरचं आणि ६० अंशांचं २.३ मीटरचं पडतं. चित्रासाठी पहिले दोन योग्य, सगळ्या खोलीसाठी शेवटचा. भिंतीपासून ६० ते ९० सेंटीमीटर सोडा. फार जवळ गेलात तर भिंतीवर कमानी-कमानी उमटतात. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा येत नाही ना, हेही बघा. पंखा फिरताना सावली अशी फडफडते की पंधरा मिनिटांत डोकं धरतं. छतात दिव्यामागे हवा खेळायला जागा हवी. कोंडलेल्या उष्णतेने आधी ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा डबा) जातो, एलईडी त्यानंतर. कोव्हमधली (फॉल्स सीलिंगच्या कडेच्या खाचेतली) एलईडी पट्टी छताच्या स्लॅबपासून निदान १५ सेंटीमीटर खाली राहू द्या, नाहीतर मऊ उजेडाऐवजी एक झगझगीत रेघ मिळते.

स्वयंपाकघरावर जास्त वेळ घालवा. छताच्या मधोमध एकच दिवा असेल तर तो ओट्यापाशी उभ्या माणसाच्या पाठीमागे पडतो आणि स्वतःचीच सावली सुरीखाली येते. वरच्या कपाटांखाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा आणि तिचं तोंड किंचित मागच्या भिंतीकडे करा. ओटा चकचकीत दगडाचा असेल तर त्यात ठिपक्यांची माळ दिसते. त्यासाठी दुधी झाकण असलेल्या अ‍ॅल्युमिनिअमच्या खाचेत एलईडी पट्टी बसवा. अ‍ॅल्युमिनिअम उष्णताही ओढून घेतं. मीटरला १४.४ वॅटची ४ मीटर पट्टी म्हणजे ५७.६ वॅट. त्याला ६० वॅटचा ड्रायव्हर कायम ताणलेला राहतो, ७५चा घ्या. पट्टी ५ मीटरपेक्षा लांब असेल तर टोकाला व्होल्टेज पडून उजेड मंदावतो. अशा वेळी दोन्ही टोकांनी वीज द्या किंवा २४ व्होल्टची पट्टी निवडा, तिला १२ व्होल्टच्या निम्माच करंट लागतो. ड्रायव्हर हात पोचेल अशा जागी ठेवा.

बाकीच्या जागांचं थोडक्यात. आरशाच्या फक्त वर दिवा असला तर डोळ्यांखाली सावल्या पडतात. चेहऱ्याच्या उंचीवर डावी-उजवीकडे हवा. जेवणाच्या टेबलावर टांगलेला दिवा पृष्ठभागापासून ७५ ते ९० सेंटीमीटर वर. बाथरूममध्ये पाणी उडतं तिथे दिव्याचं आयपी (धूळ-पाणी रोखण्याचं मानांकन) निदान ४४, थेट धारेखाली ६५. टीव्हीसमोर दिवा नको. त्याच्या मागे मंद उजेड डोळ्यांना बरा.

बल्ब सर्वांत शेवटी. उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात, आकडा कमी तितका पिवळा. बैठकीला आणि झोपण्याच्या खोलीला २७०० ते ३००० केल्विन, ओट्याला आणि अभ्यासाला ४००० केल्विन. एकाच खोलीत २७०० आणि ६५०० मिसळले की एक दिवा पिवळट आजारी आणि दुसरा निळसर वाटतो. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ८०च्या खाली नको. कपडे निवडायच्या जागी आणि आरशाशी ९० असावा. डिमर लावणार असाल तर बल्बवर तसा उल्लेख आहे का पाहा आणि डिमरला किमान किती लोड लागतो ते वाचा. जुने डिमर तारेच्या बल्बसाठी बनलेले असतात. एखाद्याला ४० वॅट लागत असतील आणि तुमचे चार एलईडी मिळून ३२च भरत असतील, तर दिवे लुकलुकतात किंवा गुणगुणतात. एका खोलीचे सगळे बल्ब एकाच खेपेचे घ्या, वर दोन शिल्लक ठेवा.

छताला भोकं पाडण्याच्या आदल्या संध्याकाळी वायरला होल्डर आणि बल्ब जोडून तो खुणेच्या जागी कुणाला तरी धरायला सांगा. तुम्ही पलंगावर आडवे व्हा, खुर्चीत बसा, ओट्यापाशी उभे राहा. डोळ्यांत बल्ब खुपला तर खूण अर्ध्या फुटाने सरकवा आणि पुन्हा बघा. मोबाईलचा कॅमेरा दिव्यासमोर धरल्यावर पडद्यावर काळे पट्टे सरकले, तर त्या बल्बात लुकलुक जास्त आहे. तो दुकानात परत करा.