हत्तीचं पिल्लू एकटं सापडलं तर

बोडीच्या (शेतीसाठीच्या छोट्या तळ्याच्या) गाळात किंवा कठडा नसलेल्या विहिरीत हत्तीचं पिल्लू अडकलं की गाव गोळा होतं, आणि आरडाओरड्याने आई आणखी लांब जाते. 2021 मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्ती गडचिरोलीत आले, त्यामुळे आपल्याकडच्या धानपट्ट्यात याची तयारी हवीच.

आधी वनखात्याला 1926 वर कळवा. पिल्लू घरी ठेवणं हा गुन्हा आहे. लोकांना मागे घ्या, फटाके-डफडं बंद. जेसीबीने काठ उतरता करून दिला की बरेचदा पिल्लू आपणच चढतं. ओढावंच लागलं तर पोटाखालून रुंद पट्टा घाला, मानेला दोर नको. अंगाला कळपाची ताजी लीद आणि चिखल चोळा, म्हणजे माणसाचा वास दबतो. मग कळपाच्या वाटेवर सोडून लांबून नजर ठेवा. आई घेऊन गेली तर यापेक्षा चांगलं काही नाही.

कळप परतलाच नाही, तर पुढचं काम वनखात्याच्या पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

बरीच पिल्लं चुकीच्या दुधाने दगावतात. गायी-म्हशीच्या दुधातली चरबी त्यांना पचत नाही; पातळ जुलाब लागतात आणि अंगातलं पाणी संपतं. केनियात हत्तींची अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्या डॅफ्ने शेल्ड्रिक यांनी खोबरेल तेल घातलेलं दूध देऊन पिल्लं जगवली. पहिल्या दिवशी फक्त ओआरएस. मग वनस्पती तेलाची चरबी असलेली बाळांची दूध पावडर, आधी पातळ, चार-पाच दिवसांत पूर्ण घट्ट. शंभर किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण 10 लिटर, दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, कोमट करून.

पिल्लू तोंडाने पितं, सोंडेने नाही. पिताना सोंड कशाला तरी टेकवायला लागते, म्हणून समोर घोंगडी टांगा. आईच्या पोटासारखा आधार वाटतो. निपलचं भोक मोठं असेल तर दूध श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. सोंडेतून दूध आलं की लगेच थांबा.

उन्हाळ्यात सावली आणि चिखल हवाच, कानांची कातडी लवकर भाजते. थंडीत पाठीवर कांबळ. पिल्लं मोठ्या हत्तींची लीद खातात, पचनाचे जिवाणू त्यातून मिळतात. गडचिरोलीतल्या वनखात्याच्या कमलापूर हत्ती कॅम्पमधल्या निरोगी हत्तिणीची लीद जंतांसाठी तपासून देता येईल.

रात्री जवळ माणूस झोपायलाच हवा, पण रोज तोच नको. एकाच राखणदाराचा लळा लागला आणि तो सुट्टीवर गेला, की पिल्लू दूध सोडतं.

श्रीलंकेत उडवालवेच्या अनाथ हत्ती-पिल्लांच्या केंद्रात 1995 पासून माणूस फक्त दूध पाजताना जवळ जातो. बाकी वेळ पिल्लं आपसात. मग पाचेक वर्षांची झाली की गटाने जंगलात सोडतात, एकेकटं नाही. आपल्याकडेही बघ्यांना बंदी हवी, हातातून केळी तर नकोच. हातचं खायला शिकलेला हत्ती मोठा झाल्यावर धानाच्या पुंजण्यांवर (कापून रचलेल्या ढिगांवर) येतो, आणि मग त्याला हाकलायला तेच गाव मशाली घेऊन निघतं.