नामापासून इंग्रजी विशेषण कसे तयार करावे?

घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी आणि टीव्हीवर हिंदी. सोलापुरातली मुलं एवढ्या भाषा सहज सांभाळतात, पण इंग्रजीच्या पेपरात ‘नामाचे विशेषण करा’ दिसलं की अडखळतात. जोड्या नुसत्या पाठ केलेल्या असतात, म्हणून हे होतं. एरवी हेच काम आपण मराठीत रोज करतो: सोलापूरचं सोलापुरी, काट्याचं काटेरी, दयेचं दयाळू. इंग्रजीतल्या प्रत्ययांनाही आपापला अर्थ आहे. तो धरून चाललं की पाठांतराचं ओझं बरंच हलकं होतं.

पहिली पायरी: नाम हातात घ्या आणि नेमकं काय म्हणायचंय ते मराठीत ठरवा. ‘-ने भरलेला’, ‘-नसलेला’, ‘-शी संबंधित’ की ‘-चा बनवलेला’?

दुसरी पायरी: त्या अर्थाचा प्रत्यय निवडा. हवा, चव, स्पर्श यांच्या नामांना बहुधा ‘वाय’ लागतो. मे महिन्यातला रस्ता डस्टी, लख्ख उन्हाचा दिवस सनी, शेंगाचटणी स्पायसी. मनाच्या आणि गुणांच्या नामांना ‘फुल’ किंवा ‘अस’: होपफुल, डेंजरस. नसणं सांगायचं तर ‘लेस’: केअरलेस, होमलेस. मात्र प्रत्येक ‘लेस’ला ‘फुल’ची जोडी नसते; ‘होमफुल’ असा शब्द वापरात नाही. आणि प्राइसलेस म्हणजे कवडीमोल नव्हे, अमूल्य.

‘-शी संबंधित’ या गटात जरा थांबा, कारण इथे एकाच नामाची दोन विशेषणं निघतात आणि गुण जातात. सोलापूरचा १९३०चा मार्शल लॉ ही घटना हिस्टॉरिक, म्हणजे इतिहासात महत्त्वाची. त्या काळावर बेतलेली कादंबरी हिस्टॉरिकल, म्हणजे इतिहासाशी संबंधित. त्याच लढ्यात १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं धैर्य हिरोइक. तसंच इंडस्ट्रीचं: एमआयडीसीचा परिसर इंडस्ट्रियल, पण मागावर दिवसभर राबणारा विणकर इंडस्ट्रियस, म्हणजे कष्टाळू.

तिसरी पायरी बहुतेक पुस्तकं गाळतात: प्रत्यय हवाच आहे का, ते बघा. आपण सुताचं सुती करतो. इंग्रजीत मात्र सोलापुरी चादर नुसती ‘कॉटन’च. ‘कॉटनी’ म्हटलं तर अर्थ होतो कापसासारखी मऊ. सोन्याची अंगठी ‘गोल्ड रिंग’, सोनेरी रंग ‘गोल्डन’. लोकरीला आणि लाकडाला मात्र ‘एन’ लागतो: वूलन, वुडन.

चौथी पायरी, स्पेलिंग. ‘फुल’ हा सुटा शब्द असेल तर दोन एल, प्रत्यय असेल तर एकच. स्पाइसमधला शेवटचा मुका ‘ई’ स्पायसी करताना गळतो. ब्यूटीचा ‘वाय’ ब्यूटिफुलमध्ये ‘आय’ होतो. सनीत ‘एन’ दोनदा येतो. करेजसमध्ये मात्र ‘ई’ ठेवावाच लागतो, कारण त्याच्यामुळेच ‘जी’चा उच्चार ‘ज’ राहतो.

‘ली’ दिसलं की क्रियाविशेषण, असं धरून चालू नका. फ्रेंडली, कॉस्टली, डेली ही विशेषणं आहेत. खात्री करायची तर शब्द नामाच्या आधी ठेवून वाचा: ‘अ फ्रेंडली शॉपकीपर’. अर्थ बसला की काम झालं. तरी शंका राहिली तर शब्दकोश उघडा. मूळ नामाच्या आसपासच त्याचं विशेषण सापडतं.

सरावाला गड्डा यात्रा, म्हणजे सोलापुरातली सिद्धेश्वराची जत्रा, घ्या. नॉइज, कलर, ट्रॅडिशन, क्राउड, फेम या पाच नामांची विशेषणं करून यात्रेवर पाच वाक्यं लिहा. त्यातल्या क्राउडला वर सांगितलेला एकही प्रत्यय लागत नाही. तिथे ‘ईडी’ लावून क्राउडेड होतं.