ससा जवळ येईनासा झाला? आधी लेंड्या बघा

आमच्या नागपूरच्या सोसायटीत ससे पाळणारी दोन-तीन घरं आहेत. सगळ्यात जुनी मी, म्हणून तक्रारी माझ्याकडे येतात. "काकू, आधी शेजारी येऊन लोळायचा, आता हात लावू देत नाही. रुसलाय बहुतेक."

ससा रुसतो, नाही असं नाही. नखं कापली की आमची चिंगी मागचे पाय झटकत निघून जाते आणि पाठ करून बसते. पण ते तेवढ्या संध्याकाळपुरतं. त्याहून जास्त टिकलं तर रुसव्याचा विचार सोडा आणि ट्रेमधल्या लेंड्या बघा.

हसू नका. ससा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवतो. लेंड्या रोजच्यापेक्षा बारीक किंवा कमी झाल्या, गवताला तोंड लावलं नाही, अंग आखडून कोपऱ्यात बसला, तर त्याचं पोट दुखतंय किंवा दाढ टोचतेय असं समजा. सशाचे दात जन्मभर वाढतात. भरपूर सुकं गवत चावलं तरच झिजतात. कुरवाळताना तो हलकेच दात वाजवतो, ते समाधानाचं. एकटा बसून करकर दात खात असेल तर ते वेदनेचं. आणि १०-१२ तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील, तर 'सकाळी बघू' नाही. आतडं थंडावलं की जिवावर बेततं. डॉक्टर नेहमी ससे बघतात का, हे मात्र आधीच विचारून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच बघत नाहीत.

खाणंपिणं ठीक असेल तर वय मोजा. ४ ते ६ महिन्यांचा ससा वयात येतो आणि गोंडस पिल्लू अचानक गुंड होतं. नर पायांभोवती गोल फिरतो, लघवीचे फवारे मारतो. मादी पिंजऱ्यात हात घातला की गुरगुरते, पंजा मारते. चिंगीने तर घरात दुसरा ससा नसताना तोंडात गवत गोळा केलं, छातीचे केस उपटून घरटं बांधलं. ही खोटी गरोदरपणाची अवस्था. साधारण १६ ते १८ दिवसांत ओसरते. तोवर घरटं मोडू नये, उगाच उचलू नये, खाण्यावर लक्ष ठेवावं. कायमचा उपाय नसबंदी, आणि मादीची तर कराच, कारण न केलेल्या माद्यांना उतारवयात गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं. त्याला उलटी होतच नाही. स्वभाव लगेच निवळत नाही, काही आठवडे जातात.

आमच्याकडे तिसरं कारण ऊन. तिशीच्या वर पारा गेला की सशाला सोसत नाही, मग मे महिन्यात प्रेमाची अपेक्षा कशाला? गार फरशीवर पसरू द्या. कूलर पहिल्यांदा लागतो तेव्हा चिंगी त्या घरघरीने मागचा पाय आपटते. तो राग नसतो, धोक्याचा इशारा असतो. घरात पाहुणे, रंगकाम, नवा सोफा आला, तरी असंच होतं.

यातलं काहीच नसेल तर विश्वास पुन्हा कमवायचा. सकाळी किंवा संध्याकाळी, तो जागा असतो तेव्हा, जमिनीवर बसा आणि त्याच्याकडे बघूही नका. शेजारी कोथिंबिरीच्या दोन काड्या ठेवा. तो येईल, हुंगेल, कदाचित हनुवटी घासून तुम्हाला आपल्या मालमत्तेत जमा करेल. हात नाकासमोरून नेऊ नका, तिथलं त्याला दिसत नाही, म्हणून चावतो. कपाळावर बाजूने हात फिरवा. उचलून मात्र घेऊ नका. बहुतेक सशांना ते आवडतच नाही, आणि मुलांना हे दहादा सांगावं लागतं.

मग एक दिवस तो तुमच्या शेजारी धप्पकन कुशीवर पडेल. पहिल्यांदा बघणारे हमखास घाबरून मला फोन करतात. पोट हलतंय ना? मग झोपू द्या.