कलादालनात प्रयोगशील संगीताची मालिका कशी उभी करावी

प्रयोगशील संगीताचा एक कार्यक्रम करणे आणि त्याची मालिका चालवणे ही दोन निराळी कामे आहेत. एका कार्यक्रमाला लोकांचे कुतूहल पुरते. मालिकेला मात्र अनोळखी नादापाशी तासभर थांबण्याची तयारी असलेले श्रोते लागतात, आणि असे श्रोते जाहिरातीतून मिळत नाहीत. त्याच जागी, ठरावीक अंतराने, पुन्हा पुन्हा ऐकताना ते घडत जातात. म्हणून संयोजकाने सुरुवातीपासून एक धोरण सांभाळावे: वार, वेळ, कार्यक्रमाची लांबी, मानधनाची पद्धत आणि बसण्याची व्यवस्था यांपैकी जे जे आधी ठरवता येईल ते ठरवून टाकावे, म्हणजे अनिश्चित राहण्याची सगळी मोकळीक संगीताच्या वाट्याला येते. पुढील सर्व सूचना याच धोरणातून निघालेल्या आहेत.

अशा मालिकांना मोठे सभागृह लागत नाही, हे या संगीताच्या इतिहासावरून स्पष्ट होते. डिसेंबर १९६० ते जून १९६१ या काळात न्यूयॉर्कच्या चेंबर्स स्ट्रीटवर कलावंत योको ओनो यांनी भाड्याने घेतलेल्या पोटमाळ्यावर त्यांनी आणि संगीतरचनाकार ला मॉन्ट यंग यांनी कार्यक्रमांची जी मालिका केली, ती आजही या क्षेत्रात आदर्श मानली जाते. व्हिडिओ-कलावंत वुडी आणि स्टाइना वासुल्का यांनी १९७१ मध्ये त्याच शहरात सुरू केलेली ‘द किचन’ ही संस्था खरोखरच एका जुन्या स्वयंपाकघराच्या जागेत उभी राहिली, तर संगीतरचनाकार फिल निब्लॉक यांनी १९७३ पासून आपल्या राहत्या जागेतच वर्षानुवर्षे मैफली घडवल्या. या सर्व ठिकाणी साधने बेताची होती, पण जागा आणि सातत्य पक्के होते.

खोली आधी ऐकावी

कलादालन पाहण्यासाठी बांधलेले असते, ऐकण्यासाठी नव्हे. गुळगुळीत भिंती, कडक फरशी, काच आणि उंच छत यांमुळे आवाज शोषला जात नाही, तो घुमत राहतो. खोलीच्या घुमण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास एका कलासंग्रहालयातच सुरू झाला, याची येथे आठवण करणे योग्य ठरेल. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानकक्षात शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत आणि वक्त्याचे बोलणे कळत नसे. वॉलेस सेबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री त्या कक्षात आणून मोजमापे घेतली आणि त्यातून एक सूत्र मांडले: घुमण्याचा काळ सेकंदांत हवा असेल, तर खोलीच्या घनफळाला (घनमीटर) ०.१६१ ने गुणावे आणि एकूण शोषणाने (चौरस मीटर) भागावे.

हे सूत्र संयोजकाच्या रोजच्या उपयोगाचे आहे. समजा, दालन १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच आहे. त्याचे घनफळ ३८४ घनमीटर आणि सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ ३५२ चौरस मीटर भरते. प्लास्टर आणि फरशी असलेली रिकामी खोली पोहोचलेल्या ध्वनीच्या सरासरी पाच टक्के शोषते असे धरले, तर शोषण १७.६ चौरस मीटर येते आणि आवाज सुमारे साडेतीन सेकंद घुमतो. आता तेथे साठ श्रोते येऊन बसले आणि प्रत्येकामागे साधारण ०.४५ चौरस मीटर शोषणाची भर पडली, की तोच काळ १.४ सेकंदांच्या आसपास उतरतो. याचा अर्थ असा, की दुपारी रिकाम्या दालनात केलेला साउंडचेक (आवाजाची पूर्वचाचणी) आणि संध्याकाळची मैफल या जणू दोन वेगळ्या खोल्यांत होतात. कलावंताला ही गोष्ट आधीच सांगावी, आणि शक्य असल्यास साउंडचेकच्या वेळी जाड पडदे टाकून किंवा सतरंज्या अंथरून भरलेल्या खोलीचा अंदाज द्यावा.

श्रोत्यांचे कपडे आणि शरीरे मधले व वरचे स्वर चांगले शोषतात. खर्जाला ती फारसा आवर घालू शकत नाहीत. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक कंपनसंख्या साठून राहतात, आणि त्यांतली सर्वांत खालची कंपनसंख्या काढण्यासाठी ध्वनीच्या वेगाला (२० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर) भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागावे लागते. वरच्या उदाहरणातील चार मीटर उंचीमुळे ४३ हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो, म्हणजे तो स्वर खोलीत वाढून घुमतो, आठ मीटर रुंदीचा दुसरा अनुनाद (तिच्या सर्वांत खालच्या कंपनसंख्येची दुप्पट) नेमका तेथेच पडतो आणि बारा मीटर लांबीचा तिसराही तेथेच. मोजमापे एकमेकांच्या सरळ पटीत असली की असे घडते. अशा खोलीत कोणी ४३ हर्ट्झचा अखंड स्वर धरला, तर काही ठिकाणी छाती थरथरेल, दोन पावले पुढे तो जवळपास नाहीसा होईल आणि भिंतीवरच्या काचेच्या चौकटी खडखडू लागतील. काही कलावंतांना नेमके हेच हवे असते. त्यामुळे हा दोष आहे असे गृहीत धरून तो झाकण्याआधी त्यांना विचारावे. मात्र भिंतीवर प्रदर्शन लागलेले असल्यास अशा कार्यक्रमाची तारीख प्रदर्शनाच्या व्यवस्थापकाशी बोलूनच ठरवावी.

खोलीची शांतताही तपासावी. कार्यक्रमाच्या नेमक्या वेळी, सर्व दिवे आणि वातानुकूलन चालू ठेवून, दहा मिनिटे गप्प बसून जे जे ऐकू येते ते लिहून काढावे: पंख्याची घरघर, लिफ्टची मोटर, फ्रिजचा गुणगुणाट, शेजारचा दरवाजा. यांतले जे बंद करता येते त्याची यादी करून कार्यक्रमाच्या दिवशी ते बंद करण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे द्यावी. जे बंद होणार नाही ते कलावंताला कळवावे. टोकियोतील ‘ऑफ साइट’ या छोट्या दालनाच्या भिंती पातळ होत्या आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून तेथील वादकांना अतिशय हळू वाजवावे लागे. २००० ते २००५ या काळात त्या मर्यादेतून सूक्ष्म नादांची आणि दीर्घ विरामांची एक स्वतंत्र वादनपद्धती आकाराला आली. जागेची अडचण कलावंतापासून लपवली नाही, तर तिच्यातून संगीत निघू शकते, असा माझा पक्का विश्वास आहे.

साधने आणि वीज

चार चांगले एकसारखे स्पीकर, एक बऱ्यापैकी मिक्सर, भरपूर केबल आणि भक्कम टेबले एवढ्यावर मालिका सुरू करता येते. दोनऐवजी चार स्पीकर घेण्याचा आग्रह मी धरतो, कारण दालनात रंगमंच नसतो आणि तो असल्याचे भासवण्याची गरजही नसते. कलावंताला मध्यभागी बसवून श्रोत्यांनी भोवती बसावे, किंवा श्रोते मध्ये आणि नाद चारही कोपऱ्यांतून यावा, ही मोकळीक सभागृहात सहसा मिळत नाही.

ध्वनियंत्रणेत येणारी घूं घूं हा अशा जागांचा नेहमीचा आजार आहे. तिचे मूळ बहुतेक वेळा विजेत असते: ध्वनीची सर्व साधने एकाच सर्किटवर घ्यावीत, मंद-तीव्र होणारे दिवे दुसऱ्या सर्किटवर ठेवावेत, लांब अंतरासाठी बॅलन्स्ड केबल (बाहेरून शिरणारा विजेचा गोंगाट रद्द करणारी केबल) वापरावी आणि आवाज नेणारी केबल विजेच्या वायरला समांतर अंथरू नये. घूं घूं घालवण्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो उपाय काही लोक सुचवतात, तो जिवावर बेतू शकतो. तो कधीही करू नये. त्याऐवजी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायची छोटी पेटी, वापरावा. प्रयोगशील वादक पत्रे, तारा, लाकूड यांवर चिकटवण्याचे पिझो मायक्रोफोन (वस्तूची थरथर थेट टिपणारे मायक्रोफोन) वारंवार आणतात, आणि ते थेट मिक्सरच्या साध्या इनपुटला जोडले की खर्ज गायब होऊन आवाज कोरडा व पातळ येतो. उच्च इम्पीडन्सचे (विद्युत-अवरोधाचे), म्हणजे एक मेगाओहम किंवा त्याहून अधिक अवरोधाचे, दोन-तीन इनपुट दालनाकडे कायम असावेत.

कलावंताला पाठवायच्या तांत्रिक तक्त्यात नेहमीच्या प्रश्नांबरोबर काही वेगळे प्रश्न हवेत. टेबल किती उंच हवे, बसून वाजवणार की उभे राहून, पाणी, आग, माती, खिळे किंवा काच वापरली जाणार आहे का, पूर्ण अंधार किंवा लुकलुकणारा प्रकाश असेल का, मांडणीला किती वेळ लागेल आणि आवरायला किती, हे सर्व लेखी विचारावे. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, रबर वगैरे बसवायचे असतील, तर पियानोच्या मालकाची आणि तो जुळवणाऱ्याची परवानगी आधी घ्यावी.

आवाजाच्या पातळीबाबत कोणतीही तडजोड करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मैफलींच्या जागांसाठी जाहीर केलेल्या मानकानुसार पंधरा मिनिटांची सरासरी पातळी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, श्रोत्यांना कानात घालायची बोंडे मिळावीत आणि विश्रांतीसाठी शांत जागा असावी. ही बोंडे दारातच मोफत ठेवावीत. कार्यक्रम अतितीव्र असणार असेल, तर तसे तिकिटावर आणि दारावर स्पष्ट लिहावे. धक्का देण्याच्या नावाखाली कोणाच्या कानाला इजा होणे हा कलेचा भाग असू शकत नाही.

कोणाला बोलवावे

निवड ही संयोजकाची खरी निर्मिती आहे, आणि ती एकेका संध्याकाळीपुरती न पाहता पूर्ण मालिकेच्या ओघात पाहावी. सहा कार्यक्रमांचे एक पर्व आखावे आणि ते महिन्याला एक या गतीने करावे. एका संध्याकाळी दोन, फार तर तीन सादरीकरणे असावीत, प्रत्येक वीस ते चाळीस मिनिटांचे. चौथे सादरीकरण ठेवले की श्रोत्यांचे लक्ष थकते, आणि ज्याचा क्रम शेवटचा त्याच्यावर अन्याय होतो.

एकाच संध्याकाळी सारख्या प्रकारचे दोन कलावंत ठेवू नयेत. लॅपटॉपवर दाट गोंगाट रचणाऱ्यानंतर केवळ श्वासावर आणि बासरीच्या कळांच्या टकटकीवर काम करणारा वादक आला, तर कान आपोआप सावध होतात. हाच क्रम उलटा केला, तर हळुवार सादरीकरण श्रोत्यांच्या आठवणीतून पुसले जाण्याची भीती असते. अभिजात किंवा लोकसंगीताची पक्की तालीम असलेल्या, पण आपल्या वाद्याकडे नव्याने पाहणाऱ्या कलावंतांनाही अगत्याने बोलवावे. पूर्वी कधीही एकत्र न वाजवलेल्या दोघांना एका पर्वात एकदा तरी समोरासमोर बसवावे, मात्र दोघांच्याही संमतीने. मालिकेत ओळखीच्याच चार जणांची आलटून पालटून वर्णी लागू नये म्हणून निवडीसाठी संयोजकाशिवाय आणखी दोन व्यक्तींचे मत घ्यावे, आणि ध्वनिमुद्रण ऐकताना सुरुवातीची दोन मिनिटे ऐकून निर्णय करू नये. या संगीतात पुष्कळदा दहाव्या मिनिटाला रचनेचा हेतू उलगडतो.

मानधन सर्वांना समान असावे आणि ते तिकीटविक्रीवर अवलंबून नसावे. अंदाजपत्रक करताना प्रथम मानधन, मग प्रवास, मग तंत्रज्ञ, आणि उरलेल्यातून छपाई असा क्रम ठेवावा. पैसे कमी असतील, तर कार्यक्रम कमी करावेत, मानधन नव्हे.

मैफलीची संध्याकाळ

जाहीर केलेल्या वेळी कार्यक्रम सुरू करावा. उशिरा येणाऱ्यांना दोन सादरीकरणांच्या मधल्या वेळेतच आत सोडावे, कारण विरामांनी भरलेल्या रचनेत दार उघडल्याचा आवाजही रचनेवर उमटतो. बाहेर जाण्याची मोकळीक मात्र कायम असावी. दाराजवळच्या काही खुर्च्या त्यासाठी रिकाम्या ठेवाव्यात आणि सुरुवातीच्या निवेदनातच सांगावे, की मध्येच उठून जाणे हा येथे अनादर मानला जात नाही. ज्याला अडकल्यासारखे वाटत नाही, तोच अवघड संगीतापाशी अधिक काळ थांबतो.

बसण्यासाठी खुर्च्या, जमिनीवरच्या गाद्या आणि उभे राहण्याची जागा असे तिन्ही पर्याय द्यावेत. निवेदन दोन मिनिटांत संपवावे. त्यात कलावंताची चरित्रे वाचून दाखवू नयेत. कोणती साधने वापरली जाणार आहेत, सादरीकरण साधारण किती वेळाचे आहे आणि काय सावधगिरी हवी, एवढेच सांगावे. अर्थ सांगण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. प्रयोगशील संगीत समजत नाही म्हणून संकोचणाऱ्या नवख्या श्रोत्याला अर्थाची नव्हे, तर कालावधीची माहिती अधिक धीर देते: हे पस्तीस मिनिटे चालणार आहे असे कळले, की तो घड्याळ पाहणे सोडून ऐकू लागतो.

सादरीकरण संपल्यावर लगेच पार्श्वसंगीत लावू नये. प्रश्नोत्तरांचे औपचारिक सत्र प्रत्येक वेळी ठेवण्याची गरज नाही. अर्धा तास दालन उघडे ठेवून श्रोत्यांना वाद्ये, तारा आणि घरी बनवलेली यंत्रे जवळून पाहू दिली, तर त्याहून चांगली बोलणी होतात. मात्र कलावंताची परवानगी घेतल्याशिवाय कोणी काही हाताळू नये.

नोंदी आणि ध्वनिमुद्रण

प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण व्हावे, पण ते कलावंताच्या लेखी संमतीनेच आणि मालकी कलावंताकडेच ठेवून. मिक्सरमधून मिळणाऱ्या ध्वनीत दालनाचे घुमणे नसते. म्हणून श्रोत्यांच्या जागी एकमेकांपासून १७ सेंटिमीटर अंतरावर ११० अंशांचा कोन करून ठेवलेली मायक्रोफोनची जोडी वापरावी आणि दोन्ही ध्वनी स्वतंत्र ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटला घ्यावेत. आठवडाभरात मूळ फाइल कलावंताला द्यावी. काय प्रसिद्ध करायचे हे त्यानेच ठरवावे. सादर झालेल्या रचना दुसऱ्या कोणाच्या असतील, तर सादरीकरणाच्या हक्कांबाबत स्थानिक कायद्याप्रमाणे परवाना घेण्याची जबाबदारी दालनाची असते.

याशिवाय एक साधी नोंदवही ठेवावी. स्पीकर कोठे होते, कोणती कंपनसंख्या अनावर झाली, किती श्रोते आले, किती मध्येच गेले, कोणत्या क्षणी खोली पूर्ण शांत झाली आणि मांडणीला प्रत्यक्षात किती वेळ लागला, हे त्याच रात्री लिहून काढावे, कारण दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे आठवत नाही. दालनाचा नकाशा, मोजमापे आणि या नोंदींतील तांत्रिक भाग एकत्र करून पुढच्या कलावंताला निमंत्रणासोबतच पाठवावा, म्हणजे तो आपली रचना या विशिष्ट खोलीसाठीच बेतू शकतो.