स्किझोफ्रेनिया आणि व्यायाम : या चुका टाळा, निदान मी केलेल्या तरी

शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, बैठकीत दर वेळी कोणीतरी नवे वडील विचारतात, "रोज तासभर पळवलं तर गोळ्या सुटतील ना?" नाही सुटणार. व्यायाम गोळ्यांच्या जोडीला असतो, त्यांच्या जागी नाही. अंगात तरतरी आली म्हणून परस्पर गोळ्या थांबवलेली मुलं मी पुन्हा वॉर्डात गेलेली पाहिली आहेत. डोस कमी करायचा की नाही, ते डॉक्टर बघतील.

माझी स्वतःची चूक मात्र वेगळी. धाकट्या भावाला ओलान्झापिन सुरू झालं आणि सहा महिन्यांत चौदा किलो वजन वाढलं. या गोळ्यांनी भूक खवळते, साखरही वाढू शकते, त्यामुळे व्यायाम हवाच होता. मी शहाण्याने सवलत आहे म्हणून जिमची वर्षाची फी एकदम भरून टाकली. आत चारी भिंतींना आरसे, कानठळ्या बसवणारी गाणी आणि मागे उभा राहून "और एक, और एक" ओरडणारा ट्रेनर. लोक आपल्याकडेच बघतात असं ज्याला आधीच वाटतं, त्याला मी आरशांच्या खोलीत नेऊन सोडलं. चौथ्या दिवशी तो अर्ध्यातून घरी आला आणि पुढे दोन महिने उंबरठा ओलांडला नाही. फी बुडाली ती बुडालीच.

मग मी रोज सकाळी चपला घालून दारात उभा राहू लागलो. "चल, येतोस?" एवढंच. तो नाही म्हणाला की मी एकटाच फिरून यायचो, टोमणा न मारता. पहिला महिना कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन परत, त्यातही बिनसाखरेचा चहा ही माझी हार झालेली लढाई. 2015 च्या एका आढाव्यात आठवड्याला साधारण 90 मिनिटांच्या मध्यम ते दमदार व्यायामाने लक्षणं कमी झालेली दिसली. तिथवर पोचायला आम्हाला आठ महिने लागले. पंधरा दिवसांत फरक मागणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

"आळशी झालाय" म्हणू नका. इच्छाच न होणं हाही आजाराचाच भाग आहे.

सतत येरझारा घालत असेल तर "वा, चालणं झालं!" म्हणू नका. गोळ्यांमुळे येणारी अस्वस्थता असू शकते, डॉक्टरांना सांगा.

क्लोझापिन हे या आजारावरचं आणखी एक औषध. ते घेणाऱ्याचे हृदयाचे ठोके बसल्या जागीही जास्त पडू शकतात. म्हणून घड्याळातले ठोक्यांचे आकडे सोडा. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे.

योग जरूर करा. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या अभ्यासांत त्याचा फायदा दिसला आहे. पण टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती किंवा तासभर डोळे मिटून ध्यान नको. आतले आवाज ऐकू येणाऱ्याला शांततेत बसवून काय साधणार?

काही गोळ्यांनी घाम कमी येतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये आठच्या आत घरी. आणि पाऊस लागला की आम्ही जिन्यातच तीन मजले चढउतार करतो, शेजारच्या काकू हसल्या तरी.