नवी डिस्क जोडण्यापूर्वी विंडोजच्या मर्यादा कशा तपासाव्यात

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या संगणकाला मी ४ टेराबाइटची हार्ड डिस्क जोडली, तेव्हा पडद्यावर तिचे दोन तुकडे दिसले: एक २०४८ जीबीचा आणि दुसरा सुमारे १६७८ जीबीचा. दुसऱ्या तुकड्यावर उजवी टिचकी मारली, तर त्यातले सर्व पर्याय फिके होते. दुकानदाराने फसवले, असा माझा पहिला समज झाला; तो चुकीचा होता.

एमबीआर या जुन्या विभाजन-पद्धतीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या सर्वांत लहान कप्प्याचा, क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो आणि एक सेक्टर सामान्यतः ५१२ बाइटचा धरला जातो, त्यामुळे २ टेराबाइटच्या पुढची जागा तिला मोजताच येत नाही. जीपीटी या नव्या विभाजन-पद्धतीला ही अडचण नाही. आपली डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हे पाहण्यासाठी स्टार्ट बटणावर उजवी टिचकी मारून डिस्क मॅनेजमेंट उघडावे, डावीकडच्या 'डिस्क १' या चौकटीवर पुन्हा उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये जावे आणि व्हॉल्यूम्स या भागातील 'पार्टिशन स्टाइल' ही ओळ वाचावी. डिस्क कोरी असेल, तर त्याच चौकटीवरून 'कन्व्हर्ट टु जीपीटी डिस्क' निवडले की काम होते. तीवर आधीचे विभाग असतील, तर ते काढल्याशिवाय हा पर्याय मिळत नाही आणि विभाग काढले की त्यांतला मजकूरही जातो, म्हणून त्याची प्रत आधी दुसरीकडे ठेवावी. ज्या डिस्कवरून विंडोज सुरू होते तिला मात्र हा मार्ग लावू नये. तिच्यासाठी विंडोज १० मध्ये एमबीआर२जीपीटी ही वेगळी आज्ञा आहे, परंतु त्यानंतर संगणक यूईएफआय पद्धतीने, म्हणजे जुन्या बायोसऐवजी मदरबोर्डवरच्या नव्या प्रारंभिक प्रणालीने, सुरू करावा लागतो. ज्या मदरबोर्डला यूईएफआय नाही, त्यावर ही आज्ञा वापरू नये हेच बरे.

पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही मोठा व्हिडिओ उतरत नसेल, तर ती फॅट३२ या जुन्या फाइल-मांडणीची आहे का ते पाहावे. तीत एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते. एक्सफॅट या नव्या मांडणीत फॉरमॅट केल्यास प्रश्न मिटतो.

रॅम वाढवण्यापूर्वी सेटिंग्जमधील सिस्टिम, मग अबाउट येथे 'सिस्टिम टाइप' पाहावे. तेथे ३२ बिट लिहिले असेल, तर घरगुती विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरत नाही, आणि त्यातूनही काही भाग हार्डवेअरसाठी राखला जातो. अशा संगणकात ८ जीबी घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ६४ बिट विंडोज १० होमची मर्यादा १२८ जीबी आहे, तिच्यापर्यंत आपल्यापैकी फारसे कोणी पोहोचत नाही.

प्रोसेसरच्या बाबतीत घरगुती वापरात आडवी येते ती मर्यादा बहुधा कोअरची (प्रोसेसरच्या आतल्या गणन-भागांची) नसून सॉकेटची, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचांची असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कार्यालयातून निघालेले दोन प्रोसेसरांचे वर्कस्टेशन स्वस्तात मिळाले आणि त्यावर होम आवृत्ती घातली, तर दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात 'सॉकेट्स'पुढे १ दिसला, की हाच प्रकार आहे का ते तपासावे. प्रो आवृत्ती दोन सॉकेट चालवते.