टेंडर गेलं? आव्हान देण्याआधी या चुका टाळा

ठेकेदारांचे निविदेचे कागद करून देणं हा माझा धंदा. मी वकील नाही, पण कुडाळातल्या माझ्या टेबलावरून गेलेले कागद पुढे कोर्टात कसे उभे राहतात किंवा आडवे होतात, ते बरंच पाहिलंय. पावसाळा संपला, कामं निघाली, की डिसेंबरात ठरलेलं वाक्य कानावर येतं: "काम माझंच होतं, दुसऱ्याच्या घशात घातलं. आता कोर्टात खेचतंय." खेच की बाबा. पण त्याआधी कागद बघू.

भाऊंकडे जाणं

भाऊ म्हणजे ओळखीचा पुढारी. ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी तीच.

देवगडच्या बाजूचा एक ठेकेदार. खाडीकाठच्या संरक्षक भिंतीचं काम. तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दर उघडण्याआधीच्या पात्रतेच्या कागदांच्या छाननीत, बाद झाला. निविदांच्या पोर्टलवर कारण दिसत होतं: तत्सम कामाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर उपअभियंत्याची सही आहे, कार्यकारी अभियंत्याची नाही. निविदेत मात्र शब्द होता 'सक्षम अधिकारी'. आणि गंमत म्हणजे ज्याला काम मिळालं, त्याच्याही दाखल्यावर उपअभियंत्याचीच सही! अट एकच, एकाला लावली, दुसऱ्याला माफ केली. आव्हानाला याहून चांगला मुद्दा मिळत नाही.

हा माझ्याकडे आला कधी? सव्विसाव्या दिवशी. मधले दिवस कुठे होतास विचारलं, तर म्हणाला, "भाऊंका सांगलंय मी, ते बघतले." भाऊंनी फोन केलाही असेल. पण त्या सव्वीस दिवसांत कार्यालयाकडे याच्या नावाचा एक ओळीचाही कागद गेला नव्हता. तोवर दराचा लिफाफा उघडला, स्वीकृतीपत्र गेलं, कार्यारंभ आदेश निघाला. मी जागेवर जाऊन पाहिलं तर किनाऱ्यावर दगडाचे ढीग आणि पायाची खोदाई सुरू. याचिका झाली. न्यायमूर्तींनी मुद्द्याआधी तारीख विचारली: बाद झाल्याचं कधी कळलं, आणि तेव्हापासून काय केलंत? उत्तर नव्हतं. याचिका मागे घ्यावी लागली.

आता माझी सवय सांगतो. ती नियमात लिहिलेली नाही. निकाल दिसला त्याच संध्याकाळी पोर्टलवरच्या छाननीच्या गोषवाऱ्याची प्रिंट काढायची, तारीख-वेळ दिसेल अशी. दुसऱ्या दिवशी साडेदहाला हरकतीचं पत्र कार्यालयात द्यायचं, तीच प्रत ईमेलनेही पाठवायची. पत्रात तीनच मागण्या: बाद केल्याचं कारण लेखी द्या, हरकतीचा निर्णय होईपर्यंत दराचा लिफाफा उघडू नका, छाननी अहवालाची प्रत द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. कारकून म्हणतो, "ठेवून जावा, मारतो शिक्का." ठेवून जायचं नाही. उभं राहायचं. भाऊंकडे नंतर चहाला जा हवं तर.

माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघणं

अर्ज जरूर टाका, दहा रुपयांचं काम आहे. पण उत्तराला कायद्यानेच तीस दिवस दिलेत, आणि ते उत्तर 'त्रयस्थ पक्षाची व्यावसायिक गोपनीय माहिती' म्हणून नकाराचंही असू शकतं. तीस दिवसांत भिंत जोत्यापर्यंत येते. अर्ज हरकतीच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे. जेम या सरकारी ऑनलाइन खरेदीच्या पोर्टलवरची खरेदी असेल तर हरकतीची मुदत तासांत मोजतात. तिथे तर हा विचारही नको.

"माझाच अर्थ बरोबर" म्हणून भांडणं

टाटा सेल्युलरच्या १९९४ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय एकच सांगतंय: कोर्ट निर्णय कसा घेतला ते बघतं, निर्णय स्वतः घ्यायला बसत नाही. २०१६ मध्ये नागपूर मेट्रोविरुद्धच्या ॲफकॉन्स प्रकरणात त्याने आणखी स्पष्ट केलं, की निविदेचा मसुदा ज्याने केला त्यालाच त्यातल्या अटीचा अर्थ जास्त कळतो. त्यात दुष्ट हेतू किंवा अगदीच विपरीतपणा असेल तरच कोर्ट हात घालेल. म्हणून 'तत्सम काम' म्हणजे काय यावर पाच पानं लिहून आणता, ती माझ्या मते रद्दी. त्याऐवजी तीच अट दुसऱ्या कुणाला वेगळी लावली का, ते शोधा.

आणि "माझा दर चार टक्क्यांनी कमी होता" हे पहिल्या परिच्छेदात घालू नका. तांत्रिक लिफाफ्यात बाद झालात तर तुमचा दर कुणी पाहिलेलाच नाही.

आधी भाग घेणं, हरल्यावर अट जाचक म्हणणं

डांबर प्लांटच्या अंतराची अट खुपत होती ना? मग निविदापूर्व बैठकीत लेखी विचारायचं, शुद्धिपत्रक मागायचं, नाहीतर निविदा भरण्याआधीच आव्हान द्यायचं.

तयार मसुदा उचलणं

नव्या पोरांचा हा आवडता शॉर्टकट. व्हॉट्सॲपवर फिरणारी हरकत उचलायची आणि नाव बदलायचं. वेंगुर्ल्याच्या एका जेटीच्या हरकतीत तिसऱ्या पानावर 'नांदेड' तसंच राहिलं होतं. वर 'कर्नाटकच्या कायद्याच्या कलम १६ अन्वये अपील'! कर्नाटकात १९९९ चा पारदर्शकतेचा कायदा आहे, तिथे कलम १६ खाली तीस दिवसांत अपील करता येतं. तामिळनाडूत कलम ११ खाली दहा दिवस. महाराष्ट्रात निविदांसाठी असा वेगळा अपिलाचा कायदाच नाही. आपल्याकडे निविदेतली हरकतीची तरतूद, वरच्या अधिकाऱ्याकडे निवेदन, आणि मग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय.

तेही कुठलं, हे विचारून घ्या. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. रायगडवाल्यांनी घाट चढू नये, त्यांचं अजून मुंबईच.

ज्याला काम मिळालं त्याला पक्षकार न करणं

वकील करतीलच. पण त्याचं नाव-पत्ता नीट आणून देणं तुमचं काम. त्याने कॅव्हेट, म्हणजे 'माझं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, टाकलंय का, तेही आधी बघा.

फक्त स्थगितीवर जीव टांगणं

रस्ते, पूल, बंदरं ही पायाभूत कामं. २०१८ च्या दुरुस्तीने विशिष्ट अनुतोष कायद्यात (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम २०अ आलं: अशी कामं रखडतील असा मनाईहुकूम देऊ नये. २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेऊन सांगितलं, की काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईचा विचार व्हावा. त्यामुळे किती खर्च झाला, काय बुडालं, याची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलीत लावा. मी खाकी फाइलीच्या पहिल्या पानावर फक्त तारखा लिहितो. वकील आधी तेच पान मागतात.

आपला दर मेला हे न कळणं

हे कुणाच्या लक्षातच येत नाही. निविदेला वैधतेचा कालावधी असतो, नव्वद दिवस, एकशेवीस दिवस, जे काही लिहिलं असेल ते. "काम मला द्या" अशी मागणी करत असाल आणि तुमचाच देकार, म्हणजे निविदेत दिलेला दर, मधल्या काळात संपला असेल, तर कोर्ट देणार काय? मुदत संपायच्या आठवडाभर आधी 'माझा देकार अमुक तारखेपर्यंत कायम आहे' असं पत्र द्या. तिथेही आवक शिक्का.